वाचकांचे प्रश्न : टीआरजी २२ घ्यावी की ४२?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच रायफलीबद्दलची आहेत : फिनलंडच्या साको कंपनीची टीआरजी. म्हणून हे सदर पूर्णपणे तिच्यासाठीच ठेवले आहे. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : गेली सहा वर्षे मी क्लबच्या रायफलीवर ३०० मीटर अंतराची नेमबाजी करतो आहे. आता स्वतःची, आयुष्यभर सोबत राहील अशी बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यायची आहे आणि बराच विचार करून टीआरजीपर्यंत पोहोचलो आहे. मात्र टीआरजी २२ घ्यावी की टीआरजी ४२, हे काही केल्या ठरत नाही. ४२ मध्ये .३३८ लापुआ मॅग्नम हे काडतूस मिळते. एकदाच घ्यायची तर मोठीच घे, असे मित्र म्हणतात. हजार मीटरपर्यंतच्या स्पर्धांत उतरण्याची माझी इच्छा आहे. आपण काय सुचवाल?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. हजार मीटरपर्यंतच्या स्पर्धा खेळायच्या असतील, तर टीआरजी २२ घ्या. हे इतक्या ठामपणे का म्हणतो, ते आता सविस्तर सांगतो, कारण मोठी रायफल घेऊन दोन वर्षांनी ती विकायला काढणारे नेमबाज मी पाहिले आहेत आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते.

२२ ही साधी आणि ४२ ही तिचीच वरच्या दर्जाची आवृत्ती, असा समज अनेकांचा असतो. तो आधी दूर करायला हवा. दोघींचा आराखडा एकच आहे. बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला तीन दात आहेत, त्यामुळे मूठ फक्त ६० अंश उचलली की बोल्ट सुटतो आणि दुर्बीण कितीही खाली बसवली तरी बोटे तिला अडत नाहीत. नळी न तापवता, यंत्राच्या हातोड्यांनी ठोकून घडवलेली असते आणि पुढे कुठेही दस्त्याला टेकत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांचा असून त्याचा भार १ ते २.५ किलोच्या दरम्यान लावता येतो. सेफ्टी ट्रिगरच्या कड्याच्या आत, बोटाच्या अगदी पुढे असते. घडणीचा दर्जा, कारागिरी, टिकाऊपणा यांत दोघींमध्ये डावे-उजवे करता येणार नाही.

फरक आहे तो काडतुसाच्या आकाराचा आणि त्यातून आपोआप येणाऱ्या लांबी-रुंदीचा. २२ मधल्या .३०८ विंचेस्टरचे पूर्ण काडतूस सुमारे ७१ मिमी लांब असते, तर ४२ मधल्या .३३८ लापुआ मॅग्नमचे ९३.५ मिमी. पुंगळीचे बूड पहिल्याचे १२ मिमी, दुसऱ्याचे १४.९ मिमी. काडतूस लांब म्हणून मॅगझिन लांब, मॅगझिन लांब म्हणून बोल्टची धाव लांब : २२ मध्ये ती ९८ मिमी आहे, ४२ मध्ये ११८ मिमी. २२ च्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे बसतात, ४२ च्या .३३८ मॅगझिनमध्ये पाच. नेहमीची नळी २२ ला ६६० मिमीची, तर ४२ ला ६९० मिमीची. थोडक्यात, आपण रायफल निवडत आहोत असे वाटत असले तरी प्रत्यक्षात काडतूस निवडत असतो आणि मॉडेलचा आकडा त्याच्या मागून येतो.

आता स्पर्धांचे नियम पाहू, कारण अनेकांची फसगत इथेच होते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ३०० मीटर प्रकारात ८ मिमीपेक्षा मोठ्या व्यासाचे काडतूस चालत नाही; .३३८ ची गोळी सुमारे ८.६ मिमीची असते. लांब पल्ल्याच्या एफ-क्लासमध्ये, म्हणजे झोपून, रायफल टेकवून, दुर्बिणीने नेम धरायच्या स्पर्धाप्रकारात, दोन गट आहेत. एफ-टीआर गटात फक्त .३०८ विंचेस्टर आणि .२२३ रेमिंग्टन ही दोनच काडतुसे चालतात आणि दुर्बीण व दुपायीसह रायफलीचे वजन ८.२५ किलोच्या आत असावे लागते. एफ-ओपन गटात काडतुसाची मोकळीक आहे, वजनमर्यादाही १० किलोची आहे, पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्यासाची मर्यादा तिथेही ८ मिमीच. अडथळ्यांवर रायफल टेकवून, वेळेच्या बंधनात, वेगवेगळ्या अंतरांवरच्या पोलादी लक्ष्यांवर नेम धरायच्या प्रिसिजन रायफल सीरिजमध्ये .३० (सुमारे ७.८ मिमी) पेक्षा मोठा व्यास आणि सेकंदाला ९७५ मीटरपेक्षा जास्त वेग दोन्ही वर्ज्य आहेत. म्हणजे .३३८ ची टीआरजी ४२ घेऊन तुम्ही ज्या ज्या मैदानावर जाल, तिथल्या बहुतेक स्पर्धांत ती पेटीतच राहील. तुमच्या मित्रांनी मोठी घे म्हणताना हा विचार केला नसावा.

नियम बाजूला ठेवले तरी निर्णय बदलत नाही. हजार मीटरवर रायफलीच्या अंगच्या अचूकपणापेक्षा वारा कितीतरी जास्त गुण खातो. कोनाच्या अर्ध्या मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे हजार मीटरवर साधारण १४.५ सेंमीच्या वर्तुळात गोळ्या टाकणारी रायफल उत्तमच म्हणायची. पण त्याच अंतरावर वाऱ्याचा अंदाज सेकंदाला फक्त एका मीटरने चुकला, तर .३०८ ची १७५ ग्रेनची, म्हणजे ११.३ ग्रॅम वजनाची गोळी साधारण ६५ सेंमी बाजूला जाते. २२ मध्येच मिळणाऱ्या ६.५ क्रीडमोर या दुसऱ्या काडतुसाची १४० ग्रेनची निमुळती, लांबट गोळी तेवढ्याच चुकीला ४५ सेंमीच्या आसपास सरकते. आणि .३३८ ची जड गोळी? ४० सेंमीच्या आतबाहेर. सेकंदाला एका मीटरची चूक मुरलेल्या नेमबाजाकडूनही होते. पताका, गवत आणि मृगजळ तिघे तीन दिशा सांगत असतील तर ती टाळणे कठीणच. .३०८ कडून ६.५ क्रीडमोरकडे गेल्याने वीस सेंमींचा फायदा होतो, आणि ६.५ कडून .३३८ कडे गेल्याने जेमतेम पाच-सात सेंमींचा. त्या पाच-सात सेंमींसाठी नळीच्या तोंडाशी सुमारे ३१०० ज्यूलऐवजी ६५०० ज्यूल ऊर्जा हाताळावी लागते आणि दारू दुपटीहून जास्त जाळावी लागते. हा सौदा मला तरी पटत नाही.

धक्क्याचा विचार लोक खांदा किती दुखेल एवढ्यापुरताच करतात. खरे नुकसान नेमाचे होते, आणि ते हळूहळू, नेमबाजाच्या नकळत होते. आमच्या मैदानावरच्या एका अनुभवी नेमबाजाने .३३८ घेतली होती. माणूस शांत, हात स्थिर, .३०८ वर त्याचे गट, म्हणजे लक्ष्यावरचे छिद्रांचे झुबके, पाहण्यासारखे पडत. दोन महिन्यांत त्याच्या गोळ्या विखरू लागल्या आणि ठपका दुर्बिणीवर आला. दुर्बीण बदलून झाली, माऊंटचे, म्हणजे दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या जोडणीचे, स्क्रू पुन्हा आवळून झाले, काडतुसांचा लॉट बदलून झाला. शेवटी मी त्याच्या संमतीने, पण कितवे ते न सांगता, मॅगझिनमध्ये एक नकली काडतूस मिसळले, ज्यात दारूही नव्हती आणि ती पेटवणारा प्रायमरही नव्हता. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी त्याने चाप ओढला, कोरडा ‘टक्’ आवाज झाला, आणि नळीचे तोंड चांगले बोटभर खाली गेले. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. रायफलीने धक्का दिलाच नव्हता. शरीराने येणाऱ्या धक्क्याला आधीच उत्तर दिले होते. त्यानंतर काही महिने त्याने फक्त हलक्या काडतुसावर आणि रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या खोबणीवर) सराव केला, तेव्हा कुठे ती सवय मोडली. नळीच्या तोंडाला वायू बाजूला वळवणारा ब्रेक लावला की धक्का बराच कमी होतो हे खरे. पण एफ-क्लासमध्ये ब्रेकला परवानगी नाही आणि जिथे आहे तिथे बाजूच्या नेमबाजाला त्याचा दणका सोसावा लागतो.

तिसरा मुद्दा नळीच्या आयुष्याचा. चेंबरच्या लगेच पुढचा भाग, ज्याला आपण घसा म्हणतो, प्रत्येक गोळीला तापलेल्या वायूने थोडा थोडा खाल्ला जातो. अरुंद भोकातून जितकी जास्त दारू जळून जाईल, तितका तो लवकर झिजतो. स्पर्धेच्या दर्जाचा अचूकपणा धरला तर .३०८ ची नळी साधारण ५००० गोळ्या साथ देते, ६.५ क्रीडमोरची २००० ते ३०००, आणि .३३८ ची १५०० ते २५००. हे आकडे ढोबळ आहेत; नळी गरम असतानाच भराभर गोळ्या झाडणाऱ्याच्या हातात ते खाली येतात. आठवड्याला ६० गोळ्यांचा सराव वर्षातले ५० आठवडे केला, तर ३००० गोळ्या होतात. तुमची रायफल आयुष्यभर साथ देईल, पण तिची नळी तशी टिकणार नाही, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरावे आणि नव्या नळीची तजवीज मनात ठेवावी.

तेव्हा २२ घ्या, हे ठरले. तीत .३०८ की ६.५ क्रीडमोर, एवढेच तुम्हाला ठरवायचे आहे, आणि तिथे मी तुमच्या वतीने निर्णय घेणार नाही. एफ-टीआर खेळायचे असेल तर .३०८ शिवाय पर्याय नाही. त्याची नळी जास्त टिकते, १९५२ पासून चालत आलेले काडतूस असल्यामुळे ते जवळजवळ सर्वत्र मिळते आणि वारा वाचायला शिकवण्यात त्याच्यासारखा कठोर गुरू नाही. मात्र १७५ ग्रेनची गोळी ९०० ते १००० मीटरच्या दरम्यान ध्वनीच्या वेगापर्यंत मंदावते आणि त्या टप्प्यावर तिचा तोल बिघडू शकतो. ६.५ क्रीडमोर २००७ मध्ये लक्ष्यवेधी नेमबाजीसाठीच तयार झाले. त्याची गोळी हजार मीटर ओलांडूनही ध्वनीपेक्षा वेगाने जात असते आणि धक्का .३०८ पेक्षा कमी असतो. एफ-टीआरची ओढ नसेल, तर तुमच्या जागी मी ६.५ घेतली असती.

४२ कोणी घ्यावी, हेही सांगतो, म्हणजे तिच्यावर अन्याय होणार नाही. ज्याला १२०० ते १५०० मीटरचे मैदान वर्षातून एकदा नव्हे तर महिन्यातून दोनदा मिळते, ज्याला आपली काडतुसे स्वतः भरता येतात आणि ज्याचा हलक्या काडतुसावरचा पाया पक्का आहे, त्याने ४२ जरूर घ्यावी. त्या अंतरावर .३३८ चे मोल कळते. ४२ मध्येच .३०० विंचेस्टर मॅग्नमही मिळते आणि व्यासाच्या नियमात ते बसते. पण त्याचा धक्का आणि नळीची झीज पाहता हजार मीटरसाठी ते घेण्याचे कारण मला दिसत नाही.

खरेदीपूर्वी आपल्या देशातला परवाना कोणत्या व्यासासाठी मिळतो, ते लेखी पाहून घ्या.

प्रश्न : टीआरजी २२ ठरली आहे. पण जुन्या पद्धतीच्या दस्त्याची घ्यावी की नवी ए१? ए१ दिसायला आधुनिक आहे, म्हणून ती जास्त अचूक असेल का?

उत्तर : अचूकपणासाठी ए१ घेणार असाल तर घेऊ नका. नेम साधणारे अवयव, म्हणजे ॲक्शन (बोल्ट ज्यात मागे-पुढे होतो तो मधला भाग), नळी आणि ट्रिगर, दोन्हींत त्याच घराण्यातले आहेत. जुन्या दस्त्यातही आत ॲल्युमिनियमचा सांगाडा असून ॲक्शन त्यावरच आवळलेली असते. बाहेरचे प्लॅस्टिक फक्त हाताला लागते. ए१ मध्ये तो सांगाडा उघडा झाला आहे, दस्ता बाजूला दुमडतो, पुढच्या भागाला हव्या तिथे जोडणी लावता येते आणि गालाची व खांद्याची पट्टी चटकन खालीवर करता येते.

ही शेवटची सोय महत्त्वाची आहे, पण ती कोणाला? एकाच रायफलीवर दोघे सराव करत असतील, किंवा झोपून, बसून, अडथळ्यावर टेकून अशा बदलत्या स्थितींत नेम धरायचा असेल, त्याला. नेहमी झोपूनच, दुपायीवर नेम धरणाऱ्याला एकदा मापे लावली की पट्टीला पुन्हा हात लावावा लागत नाही, आणि त्याला जुना दस्ता अधिक सुखाचा वाटेल. त्याची हाताची पकड भरीव आहे आणि थंडीत गालाला धातू लागत नाही.

दोन्ही रायफली हातात घेऊन पाहण्याची संधी मिळाली, तर त्या रिकाम्या असल्याची स्वतः खात्री करा आणि मग ही परीक्षा घ्या. लक्ष्याच्या दिशेने झोपा, गाल पट्टीवर टेकवा, डोळे मिटा, दोन श्वास सोडा आणि मानेचे सगळे स्नायू सैल होऊ द्या. आता डोळे उघडा. दुर्बिणीतले वर्तुळ काठोकाठ उजळलेले दिसले पाहिजे. एका बाजूला चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसत असेल, तर डोळा मध्यावर नाही. पट्टी खालीवर करून किंवा खांद्याकडच्या चकत्या काढून-घालून ती सावली घालवता येते का, ते पाहा. त्यानंतर गाल न उचलता बोल्ट पाच वेळा मागे-पुढे करा. गाल उचलावाच लागत असेल, तर प्रत्येक गोळीनंतर तो थोड्या वेगळ्या जागी टेकेल आणि लक्ष्यावरचा गट उभा पसरेल. ज्या दस्त्यावर ही परीक्षा सहज उतरेल तो तुमचा, मग तो जुना असो वा नवा.

प्रश्न : टीआरजी एम१० मध्ये नळी, बोल्ट आणि मॅगझिन बदलून तीन काडतुसे वापरता येतात. मग २२ आणि ४२ चा वादच मिटला नाही का?

उत्तर : कागदावर मिटतो. एम१० मध्ये .३०८ विंचेस्टर, .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि .३३८ लापुआ मॅग्नम यांची अदलाबदल खरोखर करता येते, आणि ज्यांना एकाच हत्याराने वेगवेगळी कामे करायची असतात त्यांच्यासाठी ती उत्तम योजना आहे. स्पर्धक नेमबाजाला मात्र मी ती सुचवत नाही. मोठे काडतूस सामावण्यासाठी आकार आणि वजन मोठ्या रायफलीचेच राहते, आणि ते .३०८ झाडतानाही उचलावे लागते. प्रत्येक बदलानंतर नेम पुन्हा जुळवावा लागतो आणि त्यात काडतुसे खर्च होतात. ज्यांनी अशा रायफली घेतल्या त्यांतल्या बहुतेकांच्या दुसऱ्या नळ्या कपाटात नव्यासारख्या पडून असतात, असा माझा अनुभव आहे. २२ आणि ४२ ची नळी बदलणे हे कारागिराचे काम आहे, पण ते दोन-तीन वर्षांतून एकदाच करावे लागते.

प्रश्न : माझ्या टीआरजी २२ चे तीन गोळ्यांचे गट १०० मीटरवर कधी १२ मिमी येतात, कधी ३० मिमी. रायफलीत दोष आहे का? बदलून दुसरे मॉडेल घ्यावे का?

उत्तर : कृपया बदलू नका. दोष रायफलीत नसून मोजण्यात आहे, आणि हा घोळ इतका सार्वत्रिक आहे की त्यापायी चांगल्या रायफली विकल्या जातात.

गोळ्यांचे विखुरणे हे नशिबाच्या खेळासारखे असते. गटातल्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर आपण मोजतो, आणि गोळ्यांची संख्या जितकी वाढेल तितके ते अंतर वाढतच जाते. कमी होणे शक्यच नसते. गणिताने पाहिले तर त्याच रायफलीचा, त्याच हाताचा दहा गोळ्यांचा गट तीन गोळ्यांच्या गटापेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडा जास्त मोठा येतो आणि पाच गोळ्यांच्या गटापेक्षा सुमारे सव्वापट. शिवाय तीन गोळ्यांचे गट एकमेकांपासून फार वेगळे पडतात. एक १२ मिमीचा आणि दुसरा ३० मिमीचा, हे एकाच निरोगी रायफलीचे दोन दिवस असू शकतात. त्यातला १२ मिमीचा कागद आपण खिशात जपून ठेवतो आणि ३० मिमीच्या कागदाला ‘माझाच हात हलला’ म्हणतो. नवे मॉडेल विकत घेताना ज्या गटाचा फोटो आपल्याला दाखवला जातो, तोही असाच खिशातला कागद असतो.

म्हणून असे करा. एकाच लॉटची काडतुसे घ्या. एकाच कागदावर दहा गोळ्या झाडा, मध्ये नळीला निवू द्या, आणि एकही छिद्र वगळू नका. असे तीन कागद, तीन वेगळ्या दिवशी. मग तिन्ही कागद मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवा आणि उजेडाकडे धरा. तीस छिद्रांचा तो ठिपका म्हणजे तुमची रायफल, तुमचे काडतूस आणि तुम्ही स्वतः, तिघांचे मिळून खरे चित्र. १०० मीटरवर एका मिनिटाचे अंतर २.९ सेंमी असते. तीस छिद्रे त्याच्या आतबाहेर राहिली, तर तुमच्याकडे फार चांगली रायफल आहे आणि तुमचा हातही चांगला आहे. छिद्रांची उभी रांग दिसली तर काडतुसांच्या वेगातला फरक किंवा श्वास पाहा. आडवी दिसली तर वारा किंवा चाप ओढण्याची पद्धत पाहा. दोन स्वतंत्र झुबके दिसले तर माऊंटचा एखादा स्क्रू सैल झालेला असण्याची दाट शक्यता आहे. हे सगळे तपासून झाल्यावर दुसऱ्या लॉटचे, शक्य तर दुसऱ्या वजनाच्या गोळीचे काडतूस वापरून पाहा. काडतूस बदलल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा या दर्जाच्या रायफलींत मॉडेल बदलल्याने पडत नाही.

प्रश्न : वापरलेली टीआरजी २२ मिळते आहे. ६.५ क्रीडमोर, ‘फक्त १८०० गोळ्या’ झाल्याचे मालक सांगतात. घ्यावी का?

उत्तर : ॲक्शनसाठी घ्यावी, नळीसाठी नाही. .३०८ मध्ये १८०० हा आकडा तारुण्याचा आहे, ६.५ क्रीडमोरमध्ये ती नळी उताराला लागलेली असू शकते. व्यवहार ठरवताना नवी नळी बसवावी लागणार असे धरूनच बोला.

नळीत घालायचा बारीक कॅमेरा मिळवून चेंबरच्या पुढचा भाग पाहा. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगांचे जाळे तिथे दिसेल. थोडे जाळे असणे स्वाभाविक आहे. भेगा खोल गेल्या असतील आणि खाचांच्या कडा बोथट झाल्या असतील, तर काळ जवळ आला. नळीचे तोंडही तपासा. कापसाचा बोळा लावलेली काडी आतून बाहेर ओढत तोंडाच्या कडेवरून सावकाश फिरवा. कुठे तंतू अडकून राहिले, तर तिथे कड दुखावलेली आहे. बोल्टवरचा क्रमांक आणि ॲक्शनवरचा क्रमांक एकच आहे ना, ते पाहा. वेगळा असेल तर कारागिराने चेंबरची खोली मापून दिल्याशिवाय त्या रायफलीतून एकही गोळी झाडू नका. इथे प्रश्न अचूकपणाचा राहत नाही, तुमच्या चेहऱ्याच्या सुरक्षिततेचा असतो.

प्रश्न : दुर्बिणीखालचे माऊंट सपाट घ्यावे की पुढे उतरते?

उत्तर : आधी अंतर सांगा, मग माऊंट. १०० मीटरवर नेम जुळवलेल्या .३०८ ला हजार मीटरवर साधारण १३ मिलिरेडियन (कोनाचे माप; एक मिलिरेडियन म्हणजे हजार मीटरवर एक मीटर) वर जावे लागते, ६.५ क्रीडमोरला १० च्या आसपास. दुर्बिणीची उभी हालचाल एकूण २० मिलिरेडियनची असेल, तर सपाट माऊंटवर तिच्यातली निम्मीच, म्हणजे १० मिलिरेडियन वरच्या बाजूला उरते. .३०८ ला ती पुरत नाही आणि ६.५ ला काठावर पुरते. २० मिनिटांचा उतार असलेले माऊंट घेतले की जवळजवळ ६ मिलिरेडियन आणखी मिळतात आणि दोन्ही काडतुसांचे काम भागते. ३०० मीटरच्या पुढे कधीच जायचे नसेल, तर सपाटच घ्या.

प्रश्न : टीआरजी २२ ची ५१० मिमीची आखूड नळी घेतली तर अचूकपणा कमी होईल का?

उत्तर : नाही. आखूड नळी उलट ताठ असते. कमी होतो तो वेग : .३०८ मध्ये दर २.५ सेंमीला सेकंदाला साधारण ६ ते ८ मीटर, म्हणजे ६६० वरून ५१० मिमीवर येताना सुमारे ४० मीटर. ६०० मीटरच्या आत त्याने फारसे बिघडत नाही. हजार मीटरवर मात्र .३०८ ची गोळी आधीच ध्वनीच्या वेगाशी घुटमळत असते, तिथे हे ४० मीटर परवडणार नाहीत. पहिल्या प्रश्नातल्या वाचकांनी ६६० मिमीचीच नळी घ्यावी.